लॅक्टेटची तपासणी खाटेजवळच हवी

महोदय,
अक्कलकोट, करमाळ्याकडून तीव्र न्यूमोनियाची बाळं सोलापुरात आणली जातात, तेव्हा श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असतो, नाकपुड्या फुललेल्या असतात. अशा वेळी रक्तातील लॅक्टेट लगेच तपासायला हवे. पेशींना प्राणवायू कमी पडला की ते वाढते, आणि ते जितके जास्त तितका जिवाला धोका मोठा. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन या जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्यांचीही मदत होते. पण नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. अहवाल दुसऱ्या दिवशी हाती आला तर उपयोग काय? बालरुग्ण विभागातच ही सोय करावी. ग्रामीण रुग्णालयांत निदान तान्ह्या बाळांच्या मापाचे पल्स ऑक्सिमीटर तरी द्यावेत. मोठ्यांचा चिमटा त्या इवल्या बोटावर टिकतच नाही. प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांखाली असेल, तर कोणत्याही अहवालासाठी न थांबता ऑक्सिजन लावावा.
– एक वाचक, सोलापूर