सही नव्हे, आधी भोक बघा

महोदय,

जपानी तलवारींच्या जुन्या साजावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. त्सुबा म्हणजे तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधली, हाताचं रक्षण करणारी चकती. ‘त्सुबावर नामांकित कारागिराची सही असेल तर खुशाल घ्यावी’ हा त्यातला सल्ला मला अजिबात पटला नाही. खोट्या सह्या एदो काळातही (1603–1868) सर्रास कोरल्या जात. उलट कित्येक उत्तम त्सुबांवर सहीच नसते.

मी स्वतः भिंग घेऊन आधी मधलं भोक बघतो. तलवारीवर खरोखर चढलेल्या त्सुबात भोकाच्या कडेला ठोकल्याच्या खुणा असतात, कधी पात्याला घट्ट बसवायला तांब्याचे तुकडे घातलेले असतात. अर्थात, ठोकल्याच्या खुणा नकलीवरही करता येतात. म्हणून मग जाळीकामाच्या आतल्या भिंती बघायच्या. तिथे साच्याची रेघ किंवा बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, की वस्तू ओतीव. शाकुदो, म्हणजे थोडं सोनं घातलेलं तांबं, त्यावरचे नानाको, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे, एकेक ठोकून उठवलेले असतात. भिंगाखाली ते सुटे आणि गोल दिसतात. ओतकामात ते पिठासारखे मिसळून जातात.

1948 साली स्थापन झालेल्या जपानी तलवार जतन संस्थेचा दाखला सोबत असेल तर फारच छान. पण त्यावरचा फोटो हातातल्या वस्तूशी ताडून बघावा. दाखला एकाचा नि त्सुबा भलताच, असंही होतं.

आणि गंज घासून चकाकी आणण्याचा जो उपाय लेखात दिला आहे, तो कृपया मागे घ्या. तो काळसर थर मुद्दाम आणलेला असतो.

– आपला एक वाचक