सिनेमातल्या वस्तू भंगारात काढू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

डिसेंबर २०२४ मध्ये ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या जुन्या हॉलिवूड सिनेमात नटी ज्युडी गार्लंडने घातलेल्या लाल बुटांना लिलावात सगळे चार्जेस धरून ३ कोटी २५ लाख डॉलर मिळाले, तेव्हापासून सिनेमाच्या वस्तू जमवणारे म्हणजे पैसा उतू चाललेले लोक असं सारखं ऐकू येतं, म्हणून हे पत्र. अहो, १९७० ला एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने गोदामातला सगळा माल विकायला काढला तेव्हा केंट वॉर्नर नावाच्या कॉस्च्युम बघणाऱ्या माणसाने हे बूट धुळीतून शोधून काढले, स्टुडिओला त्यांची काडीची किंमत नव्हती. या वस्तू वाचल्या त्या असल्या वेड्या माणसांमुळेच.

वस्तू अस्सल आहे की नाही हे बघणं तर केवढं किचकट काम! हीच जोडी २००५ मध्ये मिनेसोटातल्या म्युझियममधून चोरीला गेली, २०१८ ला एफबीआयला सापडली, मग अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियमवाल्यांनी त्यांच्याकडच्या त्याच सिनेमातल्या दुसऱ्या जोडीशेजारी ठेवून तपासली तर कळलं की दोन्ही जोड्यांमधले बूट कधीतरी आपसात बदललेत, यातला एक आणि त्यातला एक घेतला की खरी जोडी जुळते. बुटांवरच्या शोभेच्या बो वर साध्या काचेच्या मण्याला लाल रंग लावून केलेली जुनी डागडुजीपण सापडली. इतकं बारीक बघावं लागतं.

मास्कचं दुखणं वेगळंच. १९७८ च्या ‘हॅलोविन’मधल्या खुन्याचा मास्क म्हणजे दोन डॉलरच्या आत मिळालेला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारी मुखवटा, भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग मारला, झालं. तो टिकावा म्हणून कुणी बनवलाच नव्हता. लेटेक्स, म्हणजे असल्या मास्कचं रबर, ऊन, उष्णता आणि नुसत्या हवेनेसुद्धा कडक होत जातं, तडे जातात, आणि स्पंजासारख्या फोम लेटेक्सचा तर शेवटी हात लावला तरी भुगा पडतो. आतून डोक्याच्या आकाराचा आधार देऊन अंधाऱ्या थंड कोरड्या जागी ठेवला तरच काही वर्षं जास्त मिळतात, शोकेसमध्ये लाइट लावून मिरवला की संपलाच तो.

आपल्याकडे काय झालं? सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि ‘मेरा नाम जोकर’चा मास्क, नर्गिसपासूनच्या नायिकांचे कपडे, सगळं जळून गेलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा आणि अजूनही वाटतं, कारण असलं काही दुसऱ्यांदा बनत नाही.

पेडर रोडला २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. निर्मात्यांनी शूटिंग संपल्यावर निदान मोजक्या वस्तू तरी तिथे विचारून द्याव्यात, नाहीतर जमवणाऱ्यांना विकाव्यात, पण सोबत कुठल्या सीनला कुणी वापरली ते लिहिलेला सहीचा कागद आणि सेटवरचा फोटो द्याच, कारण त्याशिवाय वीस वर्षांनी ती वस्तू खरी हे सांगणार कोण? तुमच्या पेपरने हा विषय जरा लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, चेंबूर