अवजल ‘वाया’ जाते म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना प्रकल्पात वीज तयार करून झाल्यावर सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा, म्हणजे अवजलाचा, विषय निघाला की ‘एवढे पाणी समुद्रात वाया जाते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. वाशिष्ठीकाठी राहणाऱ्याला ते बोचते. पोफळीचे वीजगृह सुरू झाले तेव्हापासून, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, हे पाणी घाट उतरून आमच्या नदीत येते आहे. कोकणातल्या इतर नद्या चैत्र-वैशाखात कोंडीपुरत्या उरतात, वाशिष्ठी मात्र वाहत असते. दाभोळ खाडीतला गोड्या-खाऱ्या पाण्याचा मेळही याच प्रवाहावर बसला आहे. ते पाणी उचलून दुसरीकडे नेले, तर नदीतल्या जिवांचे काय होईल?

आजही त्यांचे बरे चालले आहे असे नाही. विजेची मागणी वाढली की नदी चढते, मागणी सरली की उतरते. गेल्या एप्रिलमध्ये पाणी नुकतेच ओसरले होते. दगडांवर काळी ओली रेघ होती आणि खाली परातीएवढ्या डबक्यात करंगळीएवढे मासे तोंडे वर काढत होते. पिल्लांना काठालगतचे उथळ, संथ पाणी लागते. पातळी फूटभर उतरली तरी आधी नाहीसा होतो तो हाच काठ. मग पिल्ले अशी अडकतात, नाहीतर डोहात जाऊन मोठ्या माशांच्या तोंडी पडतात.

२२ जुलै २०२१च्या महापुरानंतर गाळ काढणे भागच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्राने सपाट झालेल्या पात्रात तेवढेच पाणी पातळ पसरते, लवकर तापते आणि माशाला दडायला जागा उरत नाही.

वरच्या गंगेसाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान प्रवाह ठरवून दिला: नोव्हेंबर ते मार्च सरासरीच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. वाशिष्ठीत टक्केवारी पुरणार नाही, इथे तासाचा हिशेब हवा. अवजलाची कोणतीही योजना मंजूर करण्याआधी कोळकेवाडीपासून गोवळकोटपर्यंत चार-पाच ठिकाणी पाण्याची खोली, वेग आणि तळ मोजावा. किती विसर्गाला पिल्लांचा काठ किती उरतो आणि डोह किती भरतो, ते आकडे जाहीर करावेत. मोजणीला जाताना नदीत पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्यांना बरोबर घ्यावे. कोणता डोह कधी उघडा पडतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

आपला,
एक वाचक, चिपळूण