नायट्रिक ऑक्साइडची भुकटी आणि आजारी स्नायू

मा. संपादक यांस,

महोदय,

व्यायामशाळांतून खपणाऱ्या ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणाऱ्या’ भुकट्या आता आमच्या राजापूर तालुक्यातही सहज मिळतात आणि त्यांचा खप शरीर कमावणाऱ्या तरुणांपुरता उरलेला नाही. आमच्या शाळेतल्या, ड्युशेन या आनुवंशिक स्नायुक्षयाने ग्रासलेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘स्नायूंना ताकद येईल’ असे सांगून एका विक्रेत्याने अशाच भुकटीचा महागडा डबा दिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपल्या स्नायूंचे तंतू स्वतःच तयार करतात. आर्जिनिन हे अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन यांपासून तो बनवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) तीन मुख्य प्रकार आहेत. त्यांपैकी स्नायुतंतूंमध्ये मोठा वाटा चेतापेशींमध्येही आढळणाऱ्या प्रकाराचा आहे. रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणाऱ्याच्या दंडाचा विचार करावा. श्रम सुरू झाले की स्वायत्त चेतासंस्था शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळू लागते. परंतु आकुंचन पावणाऱ्या तंतूत कॅल्शियम वाढल्याने हे विकर जागे होते आणि त्याने सोडलेला वायू शेजारच्या सूक्ष्म धमन्यांपर्यंत पोहोचून त्यांचे आवळणे सैल करतो, त्यामुळे राबणाऱ्या स्नायूला रक्त पुरते.

यासाठी विकर योग्य जागी असावे लागते. तंतूच्या पटलाखाली, म्हणजे बाहेरच्या आवरणाखाली, डिस्ट्रोफिन हे प्रथिन असते आणि सिंट्रोफिन या जोडीदारासह ते विकराला, नांगराने होडी धरून ठेवावी तसे, तिथे धरून ठेवते. ड्युशेनमध्ये डिस्ट्रोफिनच तयार होत नाही. अशा रुग्णांच्या स्नायूपटलावरून हे विकर नाहीसे होते, हे 1995 मध्येच दाखवले गेले; पुढे 2000 मध्ये अशा मुलांच्या हाताच्या व्यायामाचा अभ्यास झाला, तेव्हा श्रम करतानाही त्यांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्यांचे आवळणे सैल होत नाही, असे आढळले.

म्हणजे दोष कच्च्या मालाच्या तुटवड्याचा नाही. आर्जिनिन शरीर स्वतः बनवते, शिवाय मासे, शेंगदाणे, डाळी यांतूनही ते मिळते. भुकटीतले डबाभर आर्जिनिन पोटात गेले तरी डिस्ट्रोफिन तयार होणार नाही. याच वायूच्या कार्याला पुढच्या टप्प्यावर बळ देणारे टाडालाफिल हे औषधसुद्धा चालू शकणाऱ्या मुलांवरील मोठ्या चाचणीत चालण्याच्या क्षमतेचा ऱ्हास थांबवू शकले नाही, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मग या भुकटीकडून कसली आशा ठेवायची? गांजलेल्या पालकांच्या पैशावर डोळा ठेवून होणारी ही विक्री मला अत्यंत निंद्य वाटते.

पालकांनी आणि अंगणवाडीताईंनी लक्ष ठेवावे ते वेगळ्याच गोष्टींवर. तीन ते पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग मांड्यांवर तळवे रोवत स्वतःला वर ढकलतो, त्याच्या पोटऱ्या भरलेल्या दिसतात आणि पाखाडी चढताना तो इतर मुलांच्या मागे पडतो, असे दिसल्यास ‘वाढीचे वय आहे’ म्हणून सोडून देऊ नये. क्रिएटिन कायनेज या स्नायूंतील विकराची साधी रक्त तपासणी आणि गरजेप्रमाणे जनुक तपासणी करून घ्यावी. वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडमुळे मूल अधिक काळ चालू शकते, मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

अन्न व औषध प्रशासनाने रुग्णांना अशी भुकटी औषध म्हणून विकण्यास आळा घालावा आणि आपल्या दैनिकाने आरोग्य पुरवणीत या आजाराच्या लक्षणांविषयी सचित्र माहिती छापावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, राजापूर, जि. रत्नागिरी