‘ते निघून का गेले नाहीत?’

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकच्या ज्यू कुटुंबावरचा (वडील ऑटो, आई एडिथ, मुली मार्गोट आणि अ‍ॅन) तुझा मसुदा वाचला. ‘ते वेळीच निघून का गेले नाहीत’ या प्रश्नावर तू सगळं उभं केलंयस, आणि तिथेच गडबड आहे. एकदा ते निघून आलेच होते. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ऑटो फ्रँकनी फ्रँकफुर्ट सोडलं, अ‍ॅमस्टरडॅममध्ये धंदा मांडला. 1938 मध्ये रॉटरडॅमच्या अमेरिकी वकिलातीत अर्ज केला. मे 1940 च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथली कागदपत्रं जळाली. पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतला हमीदार, जहाजाचं तिकीट, देश सोडायचा परवाना, वाटेतल्या देशांचे व्हिसा: सगळं एकाच वेळी हातात असावं लागे, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. जुलै 1941 मध्ये जर्मन ताब्यातल्या मुलखातल्या अमेरिकी वकिलातीच बंद झाल्या. मग क्युबाच्या व्हिसासाठी धडपड. 1 डिसेंबरला एकट्या ऑटोंचा व्हिसा मंजूर झाला. 11 तारखेला जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं नि तोही रद्द झाला.

अ‍ॅमस्टरडॅममधली कागदं मात्र बिनबोभाट पुढे सरकत होती. जानेवारी 1941 च्या हुकुमाने ज्यूंची नोंदणी झाली, मग ओळखपत्रावर ‘जे’चा शिक्का. फोटो आणि बोटाच्या ठशाचं ते कार्ड याकोब लेन्ट्स या डच अधिकाऱ्याने आखलेलं. त्याची नक्कल करणं महाकठीण. मे 1942 पासून पिवळा तारा: माणशी चार, प्रत्येकी 4 सेंट, शिवाय रेशनचं कापडाचं कूपन. म्हणजे स्वतःच्या खिशातून! हा तपशील गाळू नकोस.

5 जुलै 1942 ला 16 वर्षांच्या मार्गोटला कामाच्या छावणीचं बोलावणं आलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळे प्रिन्सेनग्राख्त 263 मध्ये लपले. 4 ऑगस्ट 1944 ला पकडले गेले. चुगली कुणी केली यावर तू दोन पानं घालवलीस. ते आजही सिद्ध झालेलं नाही, चार ओळी पुरेत. ती जागा वेस्टरबोर्कला दे, म्हणजे पकडलेल्या ज्यूंना पुढे पाठवण्याआधी ठेवत त्या नेदरलँड्समधल्या छावणीला. तिथून गाड्या बहुधा मंगळवारी सुटत. औश्वित्झ या मृत्युछावणीकडे जाणारी शेवटची गाडी 3 सप्टेंबरची, 1019 माणसांची; त्यात हे चौघं होते.

एडिथ 6 जानेवारी 1945 ला औश्वित्झमध्येच वारल्या. मुलींना आधीच जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सन छावणीत हलवलं होतं. तिथे टायफस होता. तू ‘टायफॉइड’ लिहिलंयस. टायफॉइड दूषित पाण्याअन्नातून होतो, टायफस उवांमधून पसरतो, आणि त्या गर्दीत कपडे उकळायची सोय नव्हती. ऑटो तेवढे परतले.

नेदरलँड्समधून सुमारे 1,07,000 ज्यू पाठवले गेले, परत आले 5,000 च्या आसपास. हा आकडा शेवटच्या पानावरून काढ आणि वेस्टरबोर्कच्या भागात घाल.

तुझा,
बाबा