प्रकल्पवहीत मुलाचा स्वतःचा प्रश्न येऊ द्या

मा. संपादक, स. न.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेत. रावेर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. बैठकीत गणवेश, पोषण आहार, गळके पत्रे यांवर तासन्‌तास बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण आमची मुलं वर्गात काय विचारतात, यावर एकदाही बोलणं झालेलं नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाने कृतीतून, शोधातून शिकावं आणि आपलं मत मोकळेपणाने मांडावं, असं स्पष्ट लिहिलंय. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, ‘प्रकल्प’ हे साधनही आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, वहीत चिकटवायचा. विषय ठरवतात सर, चित्रं कापते आई. यात मुलाचं काय असतं?

खरं तर आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. थंडी वाढली की केळीची वाढ खुंटते, घड खोडातच अडकतो. ज्या बागेच्या बांधाला वारा अडवायला शेवरी किंवा गजराज गवत आहे, तिथे किती घड अडकले आणि उघड्या बागेत किती, हे सातवीतलं पोर मोजू शकतं. एका बांधाच्या अल्याड-पल्याड दोन विहिरी, एक चैत्रात आटते, दुसरी नाही. दोर सोडून दर पंधरवड्याला पाण्याची खोली मोजावी, वहीत मांडावी, म्हाताऱ्या माणसांना विचारावं. पत्र्याच्या वर्गात दुपारी पारा किती आणि बाहेर निंबाखाली किती? जळगावच्या उन्हाळ्यात याहून जवळचं विज्ञान कुठलं? मोजमाप, आलेख, लेखन, भूगोल सगळं त्यात येतं. आणि प्रश्न अहिराणीत किंवा पावरीत आला तर तसाच लिहून घ्यावा. शुद्धलेखनासाठी त्याला दारातच अडवू नये.

हे खासगी, महागड्या शाळांचे लाड आहेत, असं समजू नये. भुसावळहून खंडव्यामार्गे इटारसीला गेलं की होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जवळच. तिथे १९७२ साली १६ साध्या सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांनीच सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था सोबत होत्या, पुढे १९८२ पासून एकलव्य. मुलं निष्कर्ष स्वतः काढून लिहीत. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक पात्राला पत्रं लिहून मनातले प्रश्न विचारत. परीक्षाही बदलली होती: पुस्तक-वही उघडून बसायची मुभा, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. राज्य सरकारने २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षं तो साध्या शाळांत चालला. सातपुड्याच्या पलीकडे जमलं ते अलीकडे का जमू नये?

परीक्षा बदलली होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुण पाठांतरालाच मिळणार असतील तर कुठला पालक पोराला विहीर मोजायला पाठवेल? मीही पाठवणार नाही.

शिक्षकांची अडचण मला कळते. माहिती भरा, फोटो अपलोड करा, त्यात दोन वर्ग एकाच्या गळ्यात. म्हणून नवा उपक्रम आणि नवा अहवाल नको. आठवड्याच्या आहे त्या वेळापत्रकातल्या दोन तासिका मोकळ्या द्या. त्यात मूल आपल्या प्रश्नामागे जाईल. शिक्षकाला उत्तर माहीत असलंच पाहिजे असं नाही. कसं मोजायचं, कोणाला विचारायचं, लिहिलेलं पटतं का, एवढं त्यांनी बघावं. प्रकल्पाचे गुण त्या वहीवर द्यावेत आणि चिकटवलेल्या तक्त्याला शून्य.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) निदान प्रत्येक तालुक्यातलं एक केंद्र, म्हणजे जवळच्या शाळांचा एक गट, निवडून येत्या जूनपासून हे करून बघावं. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, मुलांच्या वह्या मांडाव्यात, पालकांनाही बोलवावं. आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे.

आपल्यालाही एक विनंती. शनिवारच्या अंकात मुलांच्या प्रश्नांसाठी एक कोपरा राखून ठेवा. पहिली पत्रं आमच्या शाळेतून पाठवायची जबाबदारी माझी.

आपला,
एक पालक, ता. रावेर, जि. जळगाव