फोटोत रंग नका बदलू, उजेड बदला

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या पुतणीसाठी स्थळं पाहणं सुरू आहे, बायोडाट्यासाठी तालुक्याच्या स्टुडिओत फोटो काढला तर त्यानं पोरीला अशी पांढरीफटक करून दिली की तिच्या आजीनंच ओळखलं नाही, गालावरचा तीळ पण पुसून टाकला. पोरगी काही बोलली नाही पण फोटो उलटा ठेवून दिला. मले लई वाईट वाटलं हो. सावळा रंग म्हणजे काय डाग आहे का?

मग घरीच काढला. भर दुपारी आमच्याकडं ऊन डोक्यावर असते, डोळ्याखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळी ओसरीच्या दारात तोंड उजेडाकडं करून उभी केली, पाठ उजेडाकडं असली की चेहरा काळाच येतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच पदरानं पुसली. अन एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, मोबाईल तोंडाजवळ धरला की नाक मोठं दिसते, चार-पाच फुटावर दुसऱ्या कोणी उभं राहून काढला की चेहरा जसा आहे तसा येतो. चेहरा आपोआप गोरा-गुळगुळीत करणारा मोबाईलमधला ब्युटी फिल्टर बंद केला. आजीनं मागून काहीतरी म्हटलं, पोरगी हसली, तोच फोटो पाठवला, तिळासकट.

स्टुडिओवाल्या भावांना हात जोडून विनंती आहे, न विचारता पोरींचा रंग बदलू नका.

- एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ